युरोपला जाताना पैसे: किती रोख, कोणतं कार्ड आणि डॉलर का नकोत

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. त्या, त्यांचे यजमान, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं मे महिन्यात बारा दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड आणि प्रागला चाललेत. टूर कंपनी नाही, सगळं स्वतःच ठरवलंय. हॉटेलांचे आणि रेल्वेचे पैसे बरेचसे आधीच भरून झालेत. तिथे गेल्यावरचा खर्च अंदाजे तीन लाख. विमानाची तिकिटं काढून देणारा एजंट म्हणतो, डॉलर घ्या, कुठेही चालतात. भाऊ म्हणतो, क्रेडिट कार्ड असताना रोकड कशाला? बँकेचा माणूस फॉरेक्स कार्डासाठी, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायच्या कार्डासाठी, मागे लागलाय. ऐकायचं कोणाचं?

मी पुण्यात परकीय चलनाच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हा प्रश्न रोज ऐकतो. बहुतेक वेळा तो 'सगळ्यात स्वस्त काय' असा विचारला जातो. माझ्या मते खरा प्रश्न तो नाही. तीन लाखांवर एक टक्का म्हणजे तीन हजार रुपये. एवढ्यासाठी चार काउंटरांचे भाव विचारणारी माणसं तिकडे गेल्यावर एटीएमच्या एका बटणावर त्याहून जास्त घालवून येतात. म्हणून मी दोन गोष्टी बघायला सांगतो. तुमचा रुपया खर्च होईपर्यंत किती वेळा बदलला जाणार? आणि हातातलं एक साधन बंद पडलं तर त्याच संध्याकाळी जेवणाचे पैसे कशातून देणार?

पहिल्या प्रश्नाने एजंटचा सल्ला लगेच निकालात निघतो. पॅरिसमध्ये युरो चालतो, स्वित्झर्लंडमध्ये स्विस फ्रँक, प्रागमध्ये चेक कोरुना. डॉलर यातल्या एकाही दुकानात कामाचा नाही. इथे रुपयाचे डॉलर करताना आमचा कट जाणार आणि तिथे डॉलरचे युरो करताना त्यांचा. टुरिस्ट भागातल्या काउंटरचा कट आमच्यापेक्षा बराच मोठा असतो. ज्या देशाचं चलन आपल्याकडे सहज मिळत नाही, तिकडे जाताना डॉलर नेणं योग्यच. युरो आणि फ्रँक मात्र पुण्या-मुंबईत, नाशिकलाही, दोन-तीन दिवस आधी सांगितलं की मिळतात. तुमच्या प्रवासात डॉलरचं काही काम नाही.

आता चलनाच्या दराकडे वळू. गूगलवर दिसतो तो भाव बँका आपसात मोठ्या रकमांचे व्यवहार करतात तेव्हाचा असतो. त्या भावाने तुम्हाला कोणीच देणार नाही, आम्हीही नाही. समजा गूगलवर युरो 100 रुपये दिसतोय. फॉरेक्स कार्डावर भरताना तो तुम्हाला साधारण दीड-दोन रुपये महाग पडेल, नोटांमध्ये घेतलात तर त्याहून थोडा जास्त. याचं कारण साधं आहे. कार्डावर पैसे भरणं म्हणजे खात्यातली नोंद. नोटा मात्र कुठून तरी आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, त्या तिजोरीत पडून राहतात आणि तेवढे दिवस आमचे पैसे अडकतात. परत आल्यावर उरलेल्या नोटा विकायला आलात की आम्ही गूगलपेक्षा कमीच भाव देणार, समजा 97. म्हणजे 103 ला घेतलेला युरो न वापरता परत आणला तर एका युरोमागे सहा रुपये गेले. तीनशे युरो परत आणले तर अठराशे रुपये. 'असू दे जास्तीची रोकड' या विचाराची ही किंमत. आणि नाणी आम्ही घेतच नाही. दोन युरोचं नाणं म्हणजे दोनशे रुपये, पण काउंटरवर त्याला किंमत शून्य.

काउंटरांची तुलना करताना नुसता भाव विचारू नका. 'पाचशे युरोंचे सगळं धरून एकूण किती रुपये द्यायचे?' असं विचारा. एखादा भाव चांगला सांगतो आणि सर्व्हिस चार्ज लावतो, दुसरा घरपोच देण्याचे वेगळे घेतो. जीएसटी सगळ्यांना सारखाच आणि तो अगदी किरकोळ असतो. एक लाखाच्या चलनावर 180 रुपये, तीन लाखांवर 360. हा कर पूर्ण रकमेवर 18 टक्के लागतो असं समजून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं नाही. नियमाने ठरलेल्या एका छोट्या हिश्शावरच तो लागतो.

युरो उतरेल म्हणून आठवडाभर थांबण्यातही फारसा अर्थ नाही. भाव एक रुपयाने हलला तर पाचशे युरोंवर पाचशे रुपयांचा फरक पडतो, तोही कोणत्या बाजूला हलेल ते सांगता येत नाही. निघण्याआधी चार-पाच दिवस घेऊन टाका. फक्त विमानतळासाठी ठेवू नका. तिथल्या काउंटरला माहीत असतं की तुम्ही आता दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही, आणि भावात ते उतरतं.

तुमचे भाऊ अर्धे बरोबर आहेत. पॅरिस, स्वित्झर्लंड, प्राग तिन्हीकडे कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, कॉफीच्या कपालासुद्धा. पण क्रेडिट कार्ड कोणतं, हे बघावं लागेल. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, असतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांच्या खर्चावर 350 अधिक 63, एकूण 413 रुपये. तीन लाखांवर बारा हजारांच्या पुढे. काही कार्डांवर हा मार्कअप दोन टक्के असतो, काहींवर अजिबात नसतो. तुमच्या कार्डाचा आकडा बँकेच्या ॲपमध्ये शुल्कांच्या तक्त्यात सापडेल. तो शून्य किंवा शून्याच्या जवळ असेल तर बहुतेक खर्च त्याच कार्डावर करा, फॉरेक्स कार्ड दुय्यम. साडेतीन टक्के असेल तर उलट करा. हे कार्ड पाकिटात हवं, पण अडचणीसाठी आणि हॉटेलच्या डिपॉझिटसाठी.

डिपॉझिटला क्रेडिट कार्डच द्यायचं, हे मी मुद्दाम सांगतो. चेक-इनला हॉटेल काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा फक्त कमी दिसते. फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि ते मोकळे होईपर्यंत तुम्ही घरी परतलेले असता. आणखी एक, क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. काढल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर रोख काढण्याचं शुल्क. रोख लागली तर फॉरेक्स कार्डातून किंवा डेबिट कार्डातून काढा, आणि एकदाच जरा मोठी रक्कम काढा, कारण प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क पडतं.

फॉरेक्स कार्ड विकणारा 'झीरो मार्कअप' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नीट समजून घ्या. कार्डावर युरो भरलेले आहेत आणि खर्चही युरोत केला, तर त्या क्षणी काही कापलं जात नाही, हे खरं. पण मार्जिन तुम्ही भरतानाच भावातून दिलेलं असतं. फायदा एवढाच की भाव त्या दिवशी पक्का झाला, पुढे युरो चढला तरी तुम्हाला फरक नाही. आणि कार्ड हरवलं तर नुकसान कार्डातल्या रकमेपुरतं, घरचं खातं त्यात ओढलं जात नाही. सासूबाई बरोबर असताना या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला जास्त वाटतं. मात्र कार्डात जे चलन भरलेलं नाही त्यात खर्च केला तर ते युरोतून वळवून घेतं आणि त्याचं वेगळं शुल्क लावतं, साधारण तीन टक्क्यांच्या आगेमागे. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डांवर युरो आणि फ्रँक मिळतात, कोरुना सहसा मिळत नाही. म्हणून प्रागमध्ये फॉरेक्स कार्ड महाग पडतं. तिथे तुमच्याकडचं सगळ्यात कमी मार्कअपचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड वापरा.

आता त्या एटीएमच्या बटणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. प्रागच्या जुन्या शहरात पावलोपावली एटीएम आहेत. कार्ड घातलं, पिन दिला, पाच हजार कोरुना मागितले की मशीन एक स्क्रीन दाखवतं: तुमच्या खात्यातून अमुक इतके रुपये जातील, हा भाव मान्य आहे का? खाली दोन बटणं, 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. रुपयात आकडा बघून आपल्याला बरं वाटतं, आणि 'डिक्लाइन' दाबलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. म्हणून बोट 'ॲक्सेप्ट'कडे जातं. तर 'डिक्लाइन'च दाबायचं. पैसे येतातच. फक्त चलन बदलण्याचं काम त्या मशीनच्या मालकाऐवजी तुमच्या कार्डाच्या नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड) भावाने होतं. या दोन भावांत पाच-सात टक्क्यांचा फरक सहज असतो, कधी त्याहून जास्त. कधीकधी ते स्क्रीन दोनदा विचारतं, दुसऱ्या वेळी शब्द फिरवून. दोन्ही वेळा नाही म्हणा. शक्यतो एखाद्या बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम शोधा. तिथे हा प्रकार कमी असतो, आणि कार्ड अडकलं तर आत जाऊन विचारता तरी येतं.

दुकानात आणि हॉटेलात हेच कार्डाच्या मशीनवर होतं. 'रुपयांत घेऊ की युरोत?' असं विचारलं तर उत्तर एकच, जिथे आहोत तिथलं चलन. पॅरिसमध्ये युरो, झुरिकमध्ये फ्रँक. पुष्कळदा वेटर न विचारता रुपयांचं बटण दाबून मोकळा होतो. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघा. रुपये दिसले तर 'कॅन्सल, युरो प्लीज' म्हणा, तो निमूटपणे पुन्हा करतो. मुलीला हे काम द्या. तरुण पोरांची नजर यात पटकन बसते.

स्वित्झर्लंडमध्ये याचाच एक भाऊ भेटतो. तिथे पर्यटकांच्या ठिकाणी युरोच्या नोटा घेतात आणि सुटे फ्रँकमध्ये परत देतात, भाव दुकानदाराचा. युरो चालले म्हणून आपण खूश आणि प्रत्येक खरेदीत थोडं थोडं सांडत जातो. तिथे फ्रँक किंवा कार्ड, युरो नाही.

प्रागच्या रस्त्यांवरच्या चलन काउंटरांबद्दल इंटरनेटवर भरपूर वाचलं असेल. 'कमिशन झीरो' अशी मोठी पाटी असते आणि भाव असा की कमिशनची गरजच पडू नये. एका युरोला 24-25 कोरुना मिळायला हवेत आणि हातात 18-19 पडावेत, असं व्हायचं. तिथल्या सरकारने 2019 पासून नियम केलाय की हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. हे लक्षात ठेवा, पण तशी वेळ येऊ देऊ नका. आणि रस्त्यात कोणी आपणहून 'एक्स्चेंज?' म्हणत आला तर थांबूसुद्धा नका. चेक नोटा आपल्या ओळखीच्या नसतात, त्याचा फायदा घेऊन बाद झालेल्या परदेशी नोटा हातावर ठेवल्याची प्रकरणं तिथे घडली आहेत.

रोकड किती न्यायची, हे तुम्ही कसे खाता-फिरता यावर आहे. हॉटेल आणि रेल्वे भरलेली असेल तर चौघांच्या बारा दिवसांना मी साधारण चारशे युरो आणि दीडशे ते दोनशे फ्रँक म्हणेन. कोरुना इथून नेऊ नका, तिथे उतरल्यावर लागलेच तर बँकेच्या एटीएममधून थोडे काढा. नोटा मागताना 'लहान द्या' असं आधीच सांगा. काउंटरवाला सोयीसाठी शंभराच्या नोटा पुढे करतो, मीही करतो, मागितल्या की पाच, दहा आणि वीसच्या देतो. रोख खरी लागते ती बाजारातल्या ठेल्यावर, छोट्या बेकरीत आणि स्वच्छतागृहात. सासूबाईंना बाहेर पडल्यावर दिवसातून तीन-चार वेळा तरी जावं लागेल आणि बऱ्याच ठिकाणी पन्नास सेंट किंवा एक युरोचं नाणं टाकल्याशिवाय दार उघडत नाही. पहिल्या दिवशी दहाची नोट मोडून नाणी करा आणि ती त्यांच्याकडेच द्या.

त्यांच्याकडे आणखीही थोडं असू द्या. पन्नास युरो पाच-दहाच्या नोटांत, हॉटेलचं नाव-पत्ता लिहिलेलं कार्ड आणि तुमचा फोन नंबर, एका छोट्या पाऊचमध्ये, पदराआड किंवा कोटाच्या आतल्या खिशात. चुकामूक झाली तर टॅक्सी करून हॉटेलवर येता आलं पाहिजे. बाकीची रोकड आणि कार्डं एकाच पर्समध्ये ठेवू नका. पॅरिसची मेट्रो आणि प्रागची 22 नंबरची ट्रॅम खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहेत. एक कार्ड तुमच्याकडे, दुसरं यजमानांकडे, आणि फॉरेक्स कार्डासोबत जोडीचं जादा कार्ड मिळालं असेल तर ते हॉटेलच्या तिजोरीत. दोन कार्डांवरची नेटवर्कं वेगळी असली तर उत्तम, म्हणजे एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. एखाद्या मशीनला एक चालत नाही तेव्हा दुसरं चालतं.

यूपीआयवर भिस्त ठेवू नका. आयफेल टॉवरला फेब्रुवारी 2024 मध्ये ते सुरू झालं आणि फोटो सगळीकडे फिरले, पण त्यामुळे पॅरिसच्या बेकरीवाल्याने क्यूआर कोड लावला असं होत नाही.

निघण्याआधी घरून करायची कामं कंटाळवाणी आहेत, पण परदेशातून मला येणारे निम्मे घाबरे फोन ती न केल्यामुळेच येतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांपासून नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. टॅप करून पैसे देण्याची सोय वेगळी चालू करायची, एटीएमची वेगळी. क्रेडिट कार्डाचा पिन माहीत आहे का ते बघा. आपण घरी सगळं ऑनलाइन ओटीपीवर करतो, त्यामुळे पिन कित्येकांनी कधी ठेवलेलाच नसतो. फ्रान्समध्ये पन्नास युरोंच्या वर टॅप चालत नाही, पिन मागतात, आणि रेल्वेच्या तिकीट मशीनसमोर समजावून सांगायला माणूसही नसतो. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवा. कार्ड ब्लॉक करायचा नंबर +91 ने सुरू होणारा लिहून घ्या. 1800 चे टोल-फ्री नंबर बाहेरून लागतीलच असं नाही.

नियमांचं थोडक्यात. चलन घ्यायला पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतं. रुपये रोखीने द्यायचे तर पन्नास हजारांपर्यंतच, त्यावर खात्यातून किंवा चेकने. परदेशी नोटा एका माणसाला एका प्रवासाला तीन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत, बाकी कार्डावर. तुम्ही याच्या आसपासही नाही. टीसीएसची, म्हणजे चलन घेताना आधीच कापल्या जाणाऱ्या कराची, चिंताही नको. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात एका माणसाच्या दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही, आणि लागला तरी आयकरात वळता होतो. टूर पॅकेजचे दर वेगळे असतात, पण तुम्ही पॅकेज घेतलेलंच नाही. घरात मामा-मावशींनी कधी दिलेल्या जुन्या परदेशी नोटा असतील तर त्या घेऊन जाऊ नका. स्वित्झर्लंडच्या आधीच्या मालिकेच्या नोटा 2021 पासून दुकानात चालत नाहीत, बदलून घ्यायला तिथल्या राष्ट्रीय बँकेत जावं लागतं.

परतीच्या आदल्या दिवशी फॉरेक्स कार्डात काय उरलंय ते बघा. साठ-सत्तर युरो उरले असतील तर शेवटचं जेवण किंवा विमानतळावरची खरेदी त्या कार्डावर तेवढ्याच रकमेची करा आणि वरचे क्रेडिट कार्डावर द्या. दुकानदार दोन कार्डांत बिल तोडून देतो. नाणीही तिथेच संपवा. उरलेल्या नोटांपैकी दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवायला परवानगी आहे, त्यावर असतील तर परतल्यापासून 180 दिवसांत बँकेला किंवा आमच्यासारख्यांना विकाव्या लागतात. पुढच्या वर्षी कोणी युरोपला जाणार असेल तर नोटा ठेवा, विकून पुन्हा घेण्यात दोनदा कट जातो. कार्डात मात्र पैसे ठेवू नका. न वापरलेल्या कार्डांवर काही बँका दर महिन्याला थोडं थोडं कापत राहतात.

तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. पॅरिस आणि प्राग दोन्हीकडे हॉटेलं माणशी रोजचा शहर-कर घेतात आणि तो कित्येकदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. तुमच्या बुकिंगच्या ई-मेलमध्ये तो कसा द्यायचा ते लिहिलेलं असेल. प्रागचं हॉटेल रोखच मागत असेल, तर तेवढे कोरुना पहिल्या दिवशी एटीएममधून काढताना हिशेबात धरा. आणि तुमच्या क्रेडिट कार्डाचा मार्कअप किती आहे ते बघून कळवा, म्हणजे कार्डात युरो आणि फ्रँक किती भरायचे याचा आकडा सांगता येईल.